शीर्षक नाही, तारीख नाही

सकाळी आठ-साडेआठच्या सुमाराला पूर्वेच्या खिडकीतून ऊन घरात येतं, त्या वेळी बसा. खुर्ची चालेल, जमिनीवर सतरंजी चालेल, पाठ भिंतीला टेकली तरी काही बिघडत नाही. डोळे मिटायचे नाहीत. श्वास मोजायचा नाही, जप करायचा नाही. पुण्यातल्या वारज्यात बहुतेक फ्लॅटच्या खिडक्यांना लोखंडी ग्रिल असतं आणि सकाळी त्या ग्रिलची सावली फरशीवर पडते. आज फक्त तिच्याकडे बघायचं आहे. कुकरच्या शिट्ट्या, खाली पार्किंगमधून गाड्या काढणाऱ्यांचे आवाज, महामार्गाची न थांबणारी घरघर, हे सगळं चालू राहील. राहू दे.

पहिलं मिनिटभर मन नावं देत सुटेल. हे ग्रिल. ही कुंडी. ही दोरीवरच्या टॉवेलची सावली. फरशी पुसायची राहिली. देऊ दे. नावांचा साठा फार मोठा नसतो, लवकर संपतो. तो संपला की समोर उरतात काळ्या रेघा आणि त्यांच्या मधलं ऊन. आता एकाच रेघेची कड बघा. खिडकीपाशी ती धारदार आहे. खोलीत आत येते तसतशी पुसट होत जाते, इतकी की सावली कुठे संपली आणि ऊन कुठे सुरू झालं हे बोट ठेवून सांगता येत नाही. सूर्य हा ठिपका नाही, तबकडी आहे, म्हणून असं होतं. सळईपासून सावली जितकी लांब पडते तितकी तिची कड विरत जाते. कारण कळलं तरी बघणं थांबवू नका. आता रेघ सोडा आणि दोन रेघांच्या मधल्या जागेवर नजर ठेवा. तिथे काहीच नाही, नुसतं ऊन आहे. तिथेच थोडा वेळ राहा.

अशा मधल्या जागांकडे आयुष्यभर बघत राहिलेल्या एका बाईंचे फोटो आज सोबतीला घ्यायचे आहेत. त्यांचं नाव नसरीन मोहम्मदी. जन्म 1937 चा, कराचीतला. आई लहानपणीच गेली. 1944 मध्ये कुटुंब मुंबईला आलं. लंडनच्या सेंट मार्टिन्स स्कूल ऑफ आर्टमध्ये 1954 ते 1957 अशी तीन वर्षं त्या शिकल्या, मग मुंबई, मग साठच्या दशकाच्या सुरुवातीला पॅरिस. 1972 पासून बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललित कला शाखेत त्यांनी शिकवलं. मे 1990 मध्ये अलिबागजवळच्या किहीमला, समुद्राच्या अंगणातच म्हणायचं, त्या गेल्या.

जग त्यांना ओळखतं ते रेघांच्या चित्रांमुळे. कागद, पेन्सिल, शाई, वास्तुविशारदांच्या टेबलावर असतात तसली आखणीची साधनं, आणि हजारो बारीक, सरळ, एकमेकींपासून अगदी ठरावीक अंतरावरच्या रेघा. रंग नाही, माणूस नाही, वस्तू नाही. पण त्याच्या बरोबरीने, पन्नासच्या दशकाच्या अखेरीपासून, त्या फोटोही काढत होत्या. कृष्णधवल. शिक्षण झालं होतं ते चित्रकलेचं. कॅमेरा हा त्यांनी आपला आपण धरलेला रस्ता. वडिलांचं बहारीनमध्ये फोटोग्राफीच्या सामानाचं दुकान होतं, त्यामुळे कॅमेरा ही घरात नवलाची गोष्ट नसावी. हे फोटो त्यांनी काढले, प्रिंट केले, हव्या त्या जागी कापून घेतले आणि ठेवून दिले. हयातीत एकाही प्रदर्शनात ते लावले नाहीत. त्यांना शीर्षकं दिली नाहीत, मागे तारखा घातल्या नाहीत.

आता पहिला फोटो. तो तुमच्यासमोर पुस्तकात किंवा पडद्यावर असला तर उत्तम, नसला तरी मी सांगतो तसा मनात मांडा. किहीमचा किनारा. मोहम्मदी कुटुंबाचं तिथे घर होतं, त्यामुळे हा समुद्र नसरीनबाईंना पाहुण्यासारखा कधीच भेटला नाही. ज्यांनी किहीम पाहिलंय त्यांना ती काळसर वाळू, सुरूची बनं आणि ओहोटीला लांब, फार लांब गेलेलं पाणी आठवेल. फोटोत यातलं जवळजवळ काहीच नाही. झाड नाही, होडी नाही, सूर्यास्त तर नाहीच. ओली वाळू आहे, पाण्याची एक कड आहे, आणि करड्या रंगाच्या न मोजता येणाऱ्या छटा आहेत.

त्या कडेवर नजर ठेवा. लाट वर येते, दमते आणि मागे सरते. सरताना जिथवर आली होती तिथे एक बारीक, वळणावळणाची रेघ सोडून जाते. पुढची लाट त्या रेघेपर्यंत पोचली तर ती पुसते, नाही पोचली तर अलीकडे दुसरी काढते. ही रेघ कोणी आखलेली नाही. तिला समुद्राची म्हणावं की वाळूची, हे ठरत नाही. पाणी आणि जमीन यांच्या मधोमध ती क्षणभर असते. नसरीनबाईंनी कॅमेरा तिच्यावर धरला, आणि किनाऱ्यावर माणसं ज्याच्यासाठी जातात ते सगळं चौकटीबाहेर ठेवलं.

किहीमलाच का, असा प्रश्न पडला तर एक जुनी गोष्ट आठवते. याच गावात 1930 च्या सुमाराला पक्षितज्ज्ञ सालिम अली सुगरण पक्ष्यांची घरटी निरखत बसले होते. नोकरी सुटली होती, राहायला किहीम होतं, आणि समोर घरटी होती. शिडीवर छोटा आडोसा करून ते तासन् तास, रोज, त्याच त्या घरट्यांकडे बघत राहिले, आणि सुगरण नर एकापाठोपाठ एक घरटी बांधून वेगवेगळ्या माद्यांशी संसार मांडतो हे त्यांनी नोंदवलं. तोवर ते कुणी नीट मांडलं नव्हतं. एक पक्ष्यांकडे बघत होता, दुसरी वाळूकडे. दोघांनीही बघण्याची जागा बदलली नाही, वेळ वाढवला. आजच्या बसण्यात एवढंच करायचं आहे. जागा तीच ठेवा, वेळ वाढवा.

सावली आता फरशीवर थोडी सरकली असेल. सरकताना दिसली का? बहुतेक नाही. सरकलेली दिसते, सरकताना दिसत नाही. तरी एकदा प्रयत्न करून बघा. फरशीच्या दोन तुकड्यांमधला सांधा धरा आणि रेघेची कड त्याला येऊन टेकेपर्यंत डोळे हलवू नका. पापणी लवली तर लवू दे. कंटाळा येईल. कंटाळ्यालाही बसू द्या शेजारी. तो आला की साधारणपणे उठायची वेळ झाली असं आपण धरतो, पण खरं बघणं पुष्कळदा त्याच्या पलीकडे सुरू होतं.

नसरीनबाई हे कुठे शिकल्या? शाळा दाखवता येत नाही, सोबत मात्र दाखवता येते. पॅरिसला जाण्याआधी मुंबईत वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये त्यांचा स्टुडिओ होता. समुद्राला लागून असलेला तो बंगला त्या काळी कलावंतांचा अड्डा होता. चित्रकार हुसेन, तैयब मेहता तिथे काम करत, रविशंकरांचे संगीताचे वर्ग तिथे चालत, इब्राहिम अल्काझींच्या नाटकाच्या तालमी होत. आणि तिथेच वासुदेव गायतोंडे होते. नागपुरात जन्मलेले, गोव्याच्या मातीतले, गिरगावात वाढलेले, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले गायतोंडे. ते फार थोडं बोलत, वर्षाकाठी मोजकी चित्रं करत आणि रंग लावण्याआधी बराच काळ नुसते बसून असत. नसरीनबाईंवर त्यांचा खोल परिणाम झाला, हे त्यांच्याबद्दल लिहिणाऱ्या सगळ्यांनीच नोंदवलं आहे. मला यात लक्षात येतं ते हे की गायतोंड्यांकडून त्यांनी चित्र उचललं नाही. दोघांची चित्रं शेजारी ठेवली तर एकात रंगाचे थर आहेत, दुसरीकडे रेघा आहेत. उचलला तो धीर. कामाआधीचं ते बसणं. ते कुणी शिकवत नाही आणि शिकवता येतही नसावं. शेजारी बसून ते अंगात उतरतं.

स्वतःचं स्वतः शिकणं म्हणजे एकट्याने शिकणं नव्हे, असं मला म्हणूनच वाटतं. पण शिकवणारं कुणी नसण्याची एक वेगळी बाजूही आहे. जूलिया मार्गारेट कॅमेरॉन ही बाई कलकत्त्यात जन्मली. 1863 च्या डिसेंबरात, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, तिला मुलीने आणि जावयाने कॅमेरा भेट दिला. कोंबड्यांसाठीच्या काचेच्या खुराड्यात तिने स्टुडिओ थाटला आणि काचेवर रसायन ओतत, हात काळे करत ती शिकली. तिचे फोटो थोडे धूसर यायचे. जाणकार हसले, तिने धूसरपणा सोडला नाही. आज त्या धूसरपणासाठीच ते फोटो जपले जातात. शिकवणारं कुणी नसलं की काय चूक आणि काय बरोबर हे आधी ठरून येत नाही. हाताला जे सापडतं ते धरून ठेवायची मुभा राहते. नसरीनबाईंनी समुद्रासमोर उभं राहून समुद्राचा फोटो काढला नाही, ही तीच मुभा.

दुसरा फोटो मागाचा आहे. हातमागावर ताणा लावलेला असतो. बाणा भरायला अजून सुरुवात व्हायची असते. शेकडो सुती धागे, एकमेकांना न चिकटता, ताणून धरलेले. फोटोत विणकर दिसत नाही, कापड दिसत नाही. धागे जवळून येतात आणि लांब जाताना एकवटत जातात.

इथे मी सांगेन की धाग्यांकडे अजिबात बघू नका. दोन धाग्यांच्या मधल्या अंधाराकडे बघा. तो अंधार धाग्यापेक्षा जास्त जागा घेतो. कापड विणून झालं की ही जागा भरते आणि मग ती कधी होती हेही कुणाला आठवत नाही. विणकराला ती रोज दिसते, आपल्याला कधीच नाही, कारण आपल्या हातात थेट साडी येते. नसरीनबाईंनी फोटो काढला तो कापड होण्याआधीच्या क्षणाचा. त्यांच्या कागदावरच्या रेघा आणि हे धागे शेजारी ठेवून बघा, नातं सांगावं लागत नाही. रेघांच्या चित्रांची ही कच्ची टिपणं, असं कुणी म्हणतं. मला ते पटत नाही. टिपण काम झालं की टाकून देता येतं. हे फोटो प्रकाशाच्या छटांबाबत इतके काटेकोर आहेत, त्यांच्या कडा इतक्या विचाराने कापल्या आहेत, की ते आपल्या पायावर उभे राहतात. कागदावर ज्या शांतपणे रेघ जाते त्याच शांतपणे डार्करूममध्ये करडा रंग काळ्याकडे झुकवलेला दिसतो.

आणि या रेघांबद्दल एक गोष्ट बाजूला ठेवता येत नाही. नसरीनबाईंना मज्जासंस्थेचा आजार होता. घराण्यात आलेला, न बरा होणारा. ऐंशीच्या दशकात शरीरावरचा ताबा हळूहळू सुटत गेला. हात ऐकेनासा होत होता तेव्हाच्या त्यांच्या चित्रांतल्या रेघा अधिक सरळ, अधिक कमी, अधिक हलक्या होत गेल्या. मोठ्या रिकाम्या कागदावर एखादी तिरकी रेघ, एखादा वर्तुळाचा तुकडा. थरथरणाऱ्या हाताने अशी रेघ ओढायला किती वेळ लागत असेल, आधी किती वेळ हात टेबलावर टेकवून ठेवावा लागत असेल, याचा विचार करा. घाई न करता करा. स्वतःचा हात मांडीवर ठेवा आणि बोटं पूर्ण स्थिर ठेवायचा प्रयत्न करा. निरोगी हातही स्थिर राहत नाही, नाडीबरोबर हलतो. तिकडे लक्ष गेलं की त्या चित्रांकडे बघताना नुसतं कौतुक उरत नाही.

तिसऱ्या फोटोसाठी उठायचं आहे. चप्पल घाला आणि खाली उतरा. नसरीनबाईंनी रस्त्यांचे फोटो काढले आहेत. डांबरावर आखलेले पट्टे, फरसबंदी, मोकळ्या अंगणावर पडलेली भिंतीची सावली, फत्तेपूर सिक्रीच्या दगडी प्रांगणातल्या सांध्यांच्या रेघा. फत्तेपूर सिक्रीला जाऊन बुलंद दरवाजाकडे पाठ करून जमिनीकडे बघणारी माणसं किती असतील? वारज्यात तर बघण्यासारखं काहीच नाही, अशी तक्रार इथे राहणारे आपण सगळेच करतो. पेशव्यांचा वाडा नाही, टेकडीवरचं देऊळ नाही, आहेत त्या इमारती, सर्व्हिस रोड आणि वाहतुकीची कोंडी. या डोळ्यांना मात्र हे गाव भरपूर देईल.

उड्डाणपुलाखालून चालत जा. दुपारच्या आत गेलात तर पुलाची सावली सर्व्हिस रोडवर लांबच लांब पडलेली असते, आणि तिची कड रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्याला तिरकी छेदते. पट्टा झिजलेला असतो. जिथे टायर जास्त जातात तिथे पांढरा रंग उडून खडी दिसते, कडेला तो अजून जाड आहे. थांबा, अर्थात गाड्यांची वाट सोडून थांबा. पट्टा, सावली, खडी. इथे सौंदर्य आहे असं मी म्हणत नाही. इथे रेघ आहे, तिची झीज आहे, आणि ऊन तिच्यावर रोज नव्या कोनात पडतं, एवढंच म्हणतो. नव्या इमारतीचं बांधकाम चालू असेल तर परांचीच्या पाइपांकडे बघा. आभाळ त्यांनी चौकोनांत वाटून घेतलेलं असतं. दोन महिन्यांनी प्लास्टर होईल, परांची उतरेल आणि ती वाटणी संपेल.

मग मुठा नदीकडे वळा. पावसाळ्यात खडकवासला धरणातून पाणी सोडतात तेव्हा नदी काठावर चढते, विसर्ग कमी झाला की उतरते. आणि प्रत्येक उतरण्यागणिक काठाच्या मातीवर गाळाची एक आडवी रेघ सोडते. ऑगस्टच्या अखेरीला पुलाच्या खांबांवर आणि काठावरच्या झाडांच्या बुंध्यांवर अशा कित्येक रेघा एकावर एक दिसतात. सगळ्यात वरच्या रेघेवर प्लास्टिकच्या चिंध्या अडकलेल्या असतात. ती त्या वर्षीची पूररेषा. उन्हाळ्यात याच पाण्यावर जलपर्णी पसरते आणि नदीची कड दिसेनाशी होते. मुठा आजारी आहे आणि ते बघताना वाईट वाटतं, वाटू द्या. बघणं म्हणजे चांगलं तेवढं निवडून घेणं नव्हे. किहीमच्या लाटेने वाळूवर काढलेली रेघ आणि मुठेने खांबावर काढलेली रेघ, दोन्ही पाण्यानेच काढल्या. एक घटकाभर राहते, एक पुढच्या पुरापर्यंत.

आता मोबाइल खिशातून काढावासा वाटेल. हा क्षण महत्त्वाचा आहे, म्हणून इथे जरा रेंगाळू. फोटो काढायला माझी हरकत नाही, नसरीनबाईंनीही काढलेच. पण काढण्याआधी स्वतःला विचारा की हा कुणाला दाखवायचा आहे. उत्तरात एक जरी नाव आलं तरी बघा, डोळा लगेच बदलतो. त्या माणसाला काय आवडेल, कोणता भाग सुंदर दिसेल, कशाचं शीर्षक देता येईल, याचा हिशोब सुरू होतो आणि समोरची रेघ मागे पडते. दाखवायचंच नाही असं ठरवून एक महिना फोटो काढून बघा. तीस वर्षं न दाखवता काम करत राहणं आपल्याला झेपणारं नाही, पण महिना झेपेल. नसरीनबाईंच्या फोटोंत जो मोकळा श्वास आहे तो मला तरी याच गोष्टीतून आलेला दिसतो. त्यांच्या समोर प्रेक्षक उभा नव्हता.

आणि तरीही आज आपण त्यांचे फोटो बघतोय. 2003 मध्ये न्यूयॉर्कच्या एका गॅलरीत ते स्वतंत्रपणे मांडले गेले. 2013 मध्ये दिल्लीच्या किरण नाडर संग्रहालयात त्यांच्या कामाचं मोठं सिंहावलोकन झालं, 2015 मध्ये ते माद्रिदच्या रेना सोफिया संग्रहालयात गेलं, आणि 2016 च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने मेट ब्रॉयर ही नवी शाखा उघडली तेव्हा उद्घाटनाच्या प्रदर्शनांत नसरीन मोहम्मदींचं प्रदर्शन होतं. भिंतीवरच्या पाटीवर प्रत्येक फोटोखाली शीर्षकाच्या जागी ‘शीर्षक नाही’ आणि तारखेच्या जागी अंदाजे दशक.

ज्यांनी ते कधी लावले नाहीत, त्यांच्या मागे ते लावावेत का? हा प्रश्न मी टाळू इच्छित नाही. शिकागोत व्हिव्हियन मायर नावाची एक आया होती. मुलं सांभाळायची आणि गळ्यात रोलायफ्लेक्स अडकवून रस्त्यांवरचे फोटो काढायची. तीही आपली आपण शिकलेली. लाखाहून अधिक निगेटिव्ह तिने साठवले, कितीतरी रोल धुतलेसुद्धा नाहीत. गोदामाचं भाडं थकलं म्हणून 2007 मध्ये तिच्या पेट्या लिलावात गेल्या. 2009 च्या एप्रिलमध्ये ती वारली, आपले फोटो जगभर जाणार आहेत याची कल्पना नसताना. तिच्याबाबतीत मला अस्वस्थ वाटतं, कारण पेट्या तिच्या हातून गेल्या, तिने दिल्या नाहीत. नसरीनबाईंचं तसं नाही. त्यांनी प्रिंट नीट करून, कडा कापून, ठेवून दिले होते. फाडले नाहीत. त्यांच्या मागे ते कुटुंबाच्या आणि मित्रांच्या हातात राहिले आणि त्या हातांनी ते जपून पुढे आणले. माझं मत असं की असे फोटो बघावेत, पण बघताना आपण आमंत्रण नसताना आलेलो आहोत हे विसरू नये. मोठ्याने अर्थ लावू नये. नसरीनबाईंनी शीर्षक दिलं नाही तर आपणही देऊ नये.

नसरीनबाई शिकवत होत्या त्याच बडोद्यात ऐंशीच्या दशकात आणखी एक बाई राहत होत्या, होमाई व्यारावाला. स्वातंत्र्याच्या काळातले दिल्लीचे किती प्रसंग त्यांच्या कॅमेऱ्याने टिपले, आणि 1970 मध्ये त्यांनी कॅमेरा खाली ठेवला तो पुन्हा उचलला नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांना पत्ता नव्हता. एकीचे फोटो देशाने वर्तमानपत्रांत पाहिले होते आणि ती विसरली गेली होती. दुसरीचे कुणी पाहिलेच नव्हते. एकाच शहरात. होमाईबाईंनी आपला संग्रह पुढे अल्काझी फाउंडेशनकडे सोपवला. हे तेच इब्राहिम अल्काझी, भुलाभाईतले. जन्माने पुणेकर, 1925 चे, शाळाही पुण्यातच. नाटकात आयुष्य घातलेल्या या माणसाने एकोणिसाव्या शतकापासूनचे हजारो जुने फोटो जमवले नसते तर आपल्या देशाच्या फोटोग्राफीचा बराचसा इतिहास रद्दीत गेला असता. याची पुण्याने ठेवायला हवी तेवढी आठवण ठेवलेली नाही.

पुण्याला खरं तर असं जपण्याची किंमत कळायला हवी. 2003 च्या जानेवारीत लॉ कॉलेज रस्त्यावर, जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारातल्या चित्रपटांच्या कोठाराला आग लागली आणि नायट्रेटवरचे कितीतरी चित्रपट काही तासांत गेले. नायट्रेट फिल्म उष्णतेने स्वतःच पेट घेते. ती परत कुठून आणणार?

तुमच्या घरात नायट्रेट नसेल. पण वारज्यातल्या घराघरांत, माळ्यावर, आजोबांच्या किंवा मामांच्या नावाची एक पेटी असते. मुळशीहून, भोरहून, कोकणातून, मराठवाड्यातून इथे बिऱ्हाड हलवताना ती ट्रंकेतून आली. त्यांच्यातले कुणी ना कुणी हौसेने फोटो काढायचे. शिकवणी नव्हती, क्लब नव्हता, पगारातून एक रोल घ्यायचा आणि छत्तीसचे अडतीस काढायचे. त्यातले बरेचसे लग्नांचे आणि बारशांचे असतील. पण मधेच एखादा सापडेल: रिकामी गल्ली, ओसरीवर पडलेलं ऊन, विहिरीच्या पाण्यातला दोर. कुणालाही न दाखवलेला. तो हातात घेऊन बसा, सकाळी सावलीसमोर बसलात तसे. काय आहे ते विचारू नका, कुठे बघत होते ते बघा. ज्या माणसाला तुम्ही फक्त आजोबा म्हणून ओळखत होतात, त्याचा डोळा तिथे आहे.

मग उठून काही कामं करायची आहेत, आणि ती लांबवू नका. पेटी माळ्यावरून खाली आणा. वरच्या मजल्यावर स्लॅबखालचा माळा एप्रिलमध्ये तापतो आणि जुलैत ओलसर होतो, दोन्ही निगेटिव्हला मारक. पेटी उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर ती फिल्म विघटित व्हायला लागली आहे. ती बाकीच्यांपासून वेगळी करा आणि तिचे स्कॅन आधी करून घ्या. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका. पानासकट स्कॅन करा. निगेटिव्ह बोटांनी मधे धरू नका, कडेला धरा. साध्या पीव्हीसीच्या पिशव्या टाळा. आम्लरहित कागदात किंवा पॉलिप्रॉपिलिनच्या पाकिटात ठेवा. कपाटाचा मधला कप्पा चांगला, बाहेरच्या भिंतीला लागलेला नको. स्कॅन झाले म्हणून निगेटिव्ह टाकू नका.

नसरीनबाईंनी तारीख घातली नाही, ती त्यांची निवड होती. आपल्या घरातल्या फोटोंवर तारीख नाही ती कुणी विचारलं नाही म्हणून. तेव्हा घरात जे सगळ्यांत वयस्कर असतील त्यांना या रविवारी शेजारी बसवा, फोटो एकेक करून दाखवा, आणि कुणाचा, कुठला, कधीचा ते मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहा. बॉलपेन वापरू नका. शाई उमटते आणि खाचही पडते.